फ्रिजवरचं बदक आणि बाबांची रांग

दचकू नका. फ्रिजच्या दारावर हे पिवळं बदक चिकटलंय ना, तेच मी बोलतोय. बदक असलो तरी पाण्याशी माझा संबंध ओल्या फडक्यापुरताच. पोटात एक काळं चुंबक आहे आणि कागद धरून ठेवणं हा माझा धंदा.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून आम्ही भावंडं ढिगानं बाहेर पडलो. बाकीची पोरांच्या हट्टापायी विकली गेली. मला मात्र या घरच्या आईंनी नीट पारखून घेतलं. दुकानातल्या लोखंडी कपाटाला चिकटवलं, ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा धरेल आमची बिलं." घासाघीस करून घेतलं ते वेगळंच. पण माझ्या पकडीवर कुणी इतका विश्वास टाकला, याचा मला आजही अभिमान आहे.

या घरचे बाबा बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांची गाडी स्टँडवरून कधी उशिरा सुटली नाही, असं ते येईल त्याला सांगतात. सवयी अजून त्याच. स्वयंपाकघरातून बाहेर पडतानासुद्धा आधी उजवीकडे बघतात. कुणी बोलायला लागलं आणि विषय नकोसा असला, की टेबलाखाली पाय जोरात दाबतात. तो ब्रेक!

विजेचं बिल आलं की आई ते माझ्या पोटाखाली सरकवायच्या. दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून भरणा केंद्रावर जायचे आणि शिक्का मारलेली पावती परत माझ्याकडे यायची. मुदत संपायला आठवडा असायचा तरी बाबांना दम निघायचा नाही. आई हसायच्या, "अहो, कंपनीनं बिल छापायच्या आत भरून याल एखाद दिवशी!"

मग आई गेल्या. घर एकदम गप्प झालं. मी कितीतरी दिवस त्यांच्या हातची एक वाणसामानाची चिठ्ठी धरून होतो. बाबांनी ती काढली नाही आणि मीही सोडली नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. बाबा तिला लाडानं ठमा म्हणतात. एकदा ती आली, बाबांचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, वीज, पाणी, गॅस, सगळी बिलं आता बँकेतून आपोआप जातील. दंडाची भीती नाही की रांगेची कटकट नाही."

"वा!" बाबा म्हणाले. पण टेबलाखाली पाय दाबलेला मला दिसला.

आपोआप सगळं होणार, तर मला कोण विचारतो?

पण पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं आणि बाबांनी ते गुपचूप माझ्याखाली सरकवलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट, दारात उजवीकडे नजर आणि स्वारी निघाली! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी आपलं मिठाची गुळणी धरून बसलो.

व्हायचं तेच झालं. बाबा खिडकीवर पैसे भरून यायचे आणि त्या पावतीची खबर नसलेली बँकही चार दिवसांनी तेच बिल पुन्हा भरायची. खात्यात खडखडाट व्हायचा. मागून पाण्याचं आणि गॅसचं बिल यायचं, खातं रिकामं बघून पैसे न घेताच परत जायचं आणि उशिराचा दंड लागायचा. फोनवर इशारे येत होते, पण बाबा संदेश वाचतात कुठे? अख्ख्या गावाच्या आधी पैसे भरणाऱ्या माणसाला उशिराचा दंड!

बाबांच्या खात्याचा हिशेब बघून एका शनिवारी सकाळी ठमा आली. चेहरा उतरलेला होता.

"बाबा, तीन महिने दंड भरताय तुम्ही. खात्यात पैसे किती आहेत, हेही लक्षात राहत नाही तुमच्या."

"असं काही नाही गं."

"मग कसं आहे? मला तिकडे झोप लागत नाही. आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला, हे घर बंद करू."

बाबांनी दोन्ही पाय दाबले. पण ही गाडी काही थांबेना. मला रडू आलं. घर बंद म्हणजे फ्रिज बंद, आणि बाबा त्या परक्या शहरात दिवसभर कुणाशी बोलणार?

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या गल्लीतले निवृत्त मास्तर छत्री घेऊन उभे.

"चला ड्रायव्हरसाहेब! उशीर झाला तर खिडकीवरच्या बाई आपल्यालाच ओरडतील."

"कसली खिडकी?" ठमानं विचारलं.

"बिलाची! दर महिन्याला जातो की आम्ही. आधी रांग, मग चहा. हे आले नाहीत तर बाई मला विचारतात, जोडीदार कुठाय म्हणून."

ठमा वडिलांकडे वळली. बाबा खाली मान घालून म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून कुणी माझी वाट बघतं ते तिथंच. तू एवढ्या मायेनं सगळं लावून दिलंस, कसं सांगू तुला?"

"म्हणजे तुम्ही विसरत नव्हता?"

"खिडकीवर जायला विसरलो असतो तर दंड लागलाच नसता!"

मग ठमाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "चला," ती म्हणाली, "मीही येते तुमच्या रांगेत."

परत आल्यावर बापलेक टेबलाशी बसले. विजेचं बिल बाबांचं, ते आपोआप जाणार नाही. पाणी आणि गॅस बँकेकडे, त्यांना बाबांनी हात लावायचा नाही. पैसे कापायची तारीख पेन्शन जमा झाल्यानंतरची घेतली. खात्यात थोडी शिल्लक कायम ठेवायची, आणि पैसे कापायच्या आधी येणारा संदेश बाबांनी चष्मा लावून वाचायचा. विजेचे जादा भरलेले पैसे, वीज कंपनीकडे अर्ज केल्यावर, पुढच्या बिलांत वळते होणार होते.

"म्हणजे पुढचे महिने बिलच नाही?" बाबांचा चेहरा पडला. पण ते तेव्हाही गेले, मास्तरांसाठी जागा धरायला! घर बंद करायचा विषय ठमानं पुन्हा काढला नाही.

आता माझी चोच उडालीय, रंगही विटलाय. पण पकड शाबूत आहे. तुम्हाला एवढंच सांगणं, जे आपोआप होतं त्यावरही अधूनमधून नजर टाका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एखादं काम कमी करताना, ते त्याला आवडतं का, हे आधी विचारा.

बरं, येतो. जादा पैसे फिटून आज पहिलं बिल भरायचंय. पलीकडून इस्त्रीचा वास येतोय, बाबा निघाले वाटतं. मी पकड सैल करून ठेवतो, माझ्यापायी त्यांना उशीर नको.