बाकीचे तेवीस

आकड्यांच्या यादीभोवती महिरपी कंस घालायचा की चौकोनी, यावर आमच्या कचेरीत समिती बसली, ती अडीच महिने उठली नाही. यादी म्हणजे संगणकाला एका दमात सांगून टाकलेले आकडे. वादातली यादी चोवीस आकड्यांची होती: वृद्धाश्रमातल्या खोल्या दिवसाच्या कोणत्या तासाला किती अंश उबदार ठेवायच्या. लिहिली होती मास्तरांनी. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, आणि त्यांची आई त्याच वृद्धाश्रमात सात नंबरच्या खोलीत राहायची. त्यांनी बावीस हा आकडा चोवीस वेळा लिहिला होता.

"मास्तर, गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा झाली का?" साहेबांनी विचारलं. समिती पोट धरून हसली.

"तास चोवीस आहेत, साहेब," मास्तर म्हणाले.

शेवटी महिरपी कंस जिंकला, चार विरुद्ध तीन. जाता जाता ठराव झाला की तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहिणं बावळट दिसतं, एकदाच लिहावा. समितीचा सचिव म्हणून मास्तरांची यादी मीच आखूड केली. कंसात एकटा बावीस. देखणी दिसत होती. तपासनिसाने पहिला आकडा पाहिला, बावीस होता, सही ठोकली. मास्तरांना सांगायचं राहून गेलं. इतिवृत्तात होतंच की.

ऐन थंडीत यंत्रणा सुरू झाली. म्हातारी माणसं उगाच बटणं दाबतात, म्हणून यंत्रणेच्या पेटीला कुलूप घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांना आईचा फोन आला. माझं टेबल शेजारीच.

"अगं आई, गार कशी पडेल खोली? मीच लिहिलंय ते... वयामुळे थंडी वाजते तुला... बरं, शाल घे. मग दोन घे."

चौथ्या दिवशी आई गेली. डॉक्टरांनीही कारण वयच लिहिलं.

आठवड्याने मास्तर कामावर आले आणि थेट माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"यादी दाखव."

दाखवली.

"बाकीचे तेवीस कुठे गेले?"

"जे लिहिलं नाही, तिथे ही भाषा आपोआप शून्य धरते. शून्य म्हणजे बंद." हे मला कॉलेजपासून माहीत होतं. अडीच महिने कंसांवर बोलताना आठवलं नाही, इतकंच.

"म्हणजे दिवसातून एक तास ऊब होती तिला."

"हो. रात्री बारा ते एक."

"झोपलेली असायची ती तेव्हा."

मी खुर्ची सोडली. मास्तर बसले आणि एकेक बावीस टाइप करू लागले. पुढे स्वल्पविराम, पुन्हा बावीस. मी उभ्या उभ्या मोजत होतो. चोवीस झाले तेव्हा साहेब मागे येऊन थांबले.

"वाईट झालं हो, मास्तर." मग त्यांनी पडद्यावर नजर टाकली. यादी लांबलचक दिसत होती, ती त्यांनी शेवटपर्यंत वाचली. "तेवढा शेवटच्या आकड्यानंतरचा स्वल्पविराम काढा. त्याचाही ठराव आहे."

मास्तरांनी तो खोडला, आणि पडद्याला बोट लावून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.