पाठमोऱ्या बाई आणि मी

मी एक जुना लाकडी खोका आहे. मित्रांनो, सांगण्याजोगे माझ्या आयुष्यात काही घडले आहे का, याची मलाच खात्री नाही. पण माझ्या पाठीवर उभे राहून कितीतरी मुलांनी गोष्टी सांगितल्या. तेव्हा एकदा आपणही सांगून पाहावी, असे वाटते. जमेल तशी ऐका.

एका सुताराने मला खिडक्यांच्या काचा पाठवण्यासाठी ठोकले. घाईचे काम होते. रंधाही त्याने वरवरच फिरवला. काचा शाळेत पोहोचल्या, खिडक्यांत बसल्या आणि माझी गरज संपली. शिपाई मला फोडायला निघाला होता, तेवढ्यात बालवर्गाच्या बाई तिथे आल्या. त्यांनी मला पालथे केले, पाय देऊन दाबून पाहिले आणि वर्गात नेले.

आठवड्यातून एकदा गोष्टींचा तास असे. सांगणारे मूल माझ्यावर चढे आणि बाई मागच्या भिंतीपाशी चक्क पाठ फिरवून बसत. आपला चेहरा दिसला की मुले गोष्ट सोडून तो चेहराच वाचत बसतात, असे त्यांचे म्हणणे. ऐकता ऐकता राहवले नाही, तरच त्या वळत. बाई वळल्या की सारा वर्ग टाळ्या पिटत असे.

मला मुले पायांवरून कळत. कुणाचे पाय नाचरे, कुणाचे खिळे ठोकल्यासारखे. पुटपुट नावाने वर्गाला ठाऊक असलेल्या मुलीचे पाय मात्र थरथरत. सगळ्यांसाठी बाई कधी ना कधी वळल्या होत्या, तिच्यासाठी एकदाही नाही. तिला तेवढे एकच हवे होते.

तिचे आजोबा छापखान्यात मुद्रिते तपासत. त्यांनी तिला सिंहाची गोष्ट भारदस्त शब्दांत बसवून दिली होती. दर वेळी ती तीच म्हणे, आणि बाईंची पाठ हलत नसे. शेवटी आजोबा वर्गात आले.

"बाई, पोर झोपेतसुद्धा तो सिंह बडबडते हो. एकदा वळा की. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, आजोबा. पण खोटं वळले, तर तिला कळेल."

आजोबा पुटपुटत बाहेर गेले. नातीचा गुण कुठून आला, ते मला तेव्हा समजले. घरी न जाता ते दारापाशीच थांबले.

त्या दिवशी ती "एका निबिड अरण्यात" म्हणाली आणि पुढचे सारे विसरली. पहिल्या रांगेतला एकजण पुढचा शब्द सांगायला उठला. बाईंनी न वळताच हात वर केला, तसा तो खाली बसला. तिच्या पायांची बोटे माझ्या फळीत रुतली. मला वाटले, आता ही उतरणार.

"आमच्या आजोबांची कवळी हरवली," ती म्हणाली.

मग तिने सांगितले, की काकूने पिठाचा डबा उपसला, बाबा पलंगाखाली शिरले ते अडकलेच, आणि आजोबा मधोमध उभे राहून सगळ्यांच्या नावाने ओरडत होते. मुले खिदळू लागली. बाईंची पाठ गदगदा हलत होती.

"मी आजोबांकडे बघितलं," ती म्हणाली आणि थांबली. विसरून नव्हे, मुद्दाम. हे पायांवरून कळते.

बाई वळल्या. "मग? सापडली का गं?"

"थांबा ना बाई, सांगते."

तिचे पाय स्थिर झाले होते. "एवढं स्पष्ट कसं ओरडतात म्हणून मी बघितलं. तोंडातच होती."

दाराबाहेर सगळ्यांत मोठ्याने कोण हसले, ते वेगळे सांगायला नको.

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्गात माइक आला. आता मुले पाठ केलेले भाषण भराभर म्हणून मोकळी होतात, आणि मी अडगळीच्या खोलीत रंगाचे डबे तोलतो. तक्रार नाही, डबेही कुठेतरी ठेवायला हवेतच. मला पुन्हा वर्गात न्या, असे म्हणायचा धीर होत नाही.

एवढेच मागतो, मित्रांनो. तुमच्या धाकट्या भावंडाने काही सांगायला घेतले आणि ते मध्येच अडले, तर पुढचा शब्द त्याच्या तोंडात घालू नका. जरा थांबा. त्याचा शब्द वाटेत असतो.