एकच नंबर दोघांना

"बाई, एकोणीस वर्षं झाली त्याला. आता कुणाला सांगत बसणार?" साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "चूक सापडली, दुरुस्त केलीत. विषय संपला."

"विषय मास्तरांचा आहे," टायमरबाई म्हणाल्या.

साहेब त्या वेळी कंपनीत नव्हते, पण मास्तर त्यांनाही ऐकून माहीत होते. नवीन माणूस कामावर आला की कुणीतरी हमखास बजावायचं, "नीट तपासून दे रे, नाहीतर तुझा मास्तर होईल."

टायमरबाई हे नावही ऑफिसनंच ठेवलेलं. कंपनी यंत्रं चालवणारे प्रोग्राम बनवायची आणि त्या सगळ्यांच्या बुडाशी एक लायब्ररी होती, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा तयार कोड. अमुक घडलं की कोडचा हा तुकडा चालवायचा, इतके सेकंद झाले की तो चालवायचा, एवढंच तिचं काम. त्यातला वेळेचा सगळा भाग बाईंनी एकटीनं लिहिला होता. टायमर लावला की लायब्ररी एक नंबर द्यायची. रद्द करायचा तर तो नंबर सांगायचा. सोबतच्या माहितीपुस्तिकेतलं वाक्यही बाईंचंच होतं: 'वेळ होऊन गेलेला टायमर रद्द केला तरी काही बिघडत नाही.'

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचं म्हणून बाई आपलाच जुना कोड ओळ न् ओळ वाचत होत्या, आणि मंगळवारी सकाळी एका ओळीवर त्यांची नजर अडकली. वेळ होऊन गेलेल्या टायमरचा नंबर लायब्ररी पुढच्या टायमरला देऊन टाकत होती. तेव्हा जागा वाचवायची ही युक्ती सुचली म्हणून त्यांना कोण आनंद झाला होता!

बँकेत टोकन देतात ना, तसंच ते. सात नंबरवाला काम आटपून गेला, टोकन पुढच्याच्या हाती पडलं. मग पहिल्यासाठी कुणी उशिरा येऊन म्हणालं, सात नंबर रद्द करा, तर रांगेतून उठवला जाणार दुसराच.

आधी शाळेत गणित शिकवलेलं म्हणून ते मास्तर; त्यांनी रक्तपेढीच्या थंड खोलीचा प्रोग्राम केला होता. दार अर्धा मिनिट उघडं राहिलं की बारीक आवाज व्हायचा. आतलं तापमान वाढायला लागलं की दहा मिनिटांनी मोठा भोंगा. दार लागलं की मास्तरांचा प्रोग्राम पहिला टायमर खबरदारी म्हणून रद्द करायचा. पुस्तिकेत तसं चालतं म्हटलं होतं. त्या दिवशी दार बराच वेळ उघडं राहिलं आणि गार करणारं यंत्रही बंद पडलं. बारीक आवाज होऊन गेला, त्याचा नंबर मोकळा झाला आणि तो नेमका भोंग्याला मिळाला. मग कुणीतरी दार लावलं. प्रोग्रामनं नेहमीसारखा तो नंबर रद्द केला आणि भोंगा वाजलाच नाही. दोनशे दहा पिशव्या रक्त फेकून द्यावं लागलं.

चौकशीत मास्तर एकच सांगत राहिले, "मी माझाच टायमर रद्द केला हो. भोंग्याला मी हात लावलेला नाही."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं होतं. कोड उघडूनसुद्धा न बघता बाई म्हणाल्या होत्या, "लायब्ररीत चूक असणं शक्य नाही. मास्तरांचंच काहीतरी राहिलंय."

आठवड्याभरात मास्तरांनी राजीनामा दिला. निघताना ते बाईंच्या टेबलाशी क्षणभर थांबले. "तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच चुकलं असणार," म्हणाले आणि गेले. बाईंना तेव्हा ते ऐकून बरंसुद्धा वाटलं होतं.

शनिवारी त्या पत्ता शोधत गेल्या. तिसरा मजला, अरुंद जिना. दार मास्तरांनीच उघडलं. वाळले होते, पण ओळख लगेच पटली.

"अरे, बाई! या, या. खुर्चीवरची वर्तमानपत्रं ढकला बाजूला. चहा मात्र माझ्या हातचा प्यावा लागेल."

"तुम्ही नंतर काय केलंत, मास्तर?"

"छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. झोप बरी लागते." ते हसले. "कॉम्प्युटरला पुन्हा हात लावायची काही छाती झाली नाही."

बाईंनी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, ती कुठच्या कुठे गेली. त्यांनी नुसतंच सांगून टाकलं. मास्तरांनी मध्येच थांबवून पेन्सिल घेतली, एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चौकोन काढले, बाण जोडले, एक नंबर खोडून पुन्हा तोच लिहिला. बराच वेळ बघत राहिले.

"अरेच्चा!" गणित सुटल्यावर फळ्यापासून दोन पावलं मागं सरकावं तसे ते खुर्चीत मागं रेलले. "मग दुरुस्त कसं केलंत?"

"वापरलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. प्रत्येकाला नवा."

"किती ओळी?"

"दोन."

"दोन," मास्तर म्हणाले. चहावर साय धरत होती. "ही म्हणायची, तुमचं चुकलेलं नाही. शेवटपर्यंत म्हणत होती. मी खेकसायचो तिच्यावर. तुला त्यातलं काय कळतं, म्हणायचो." त्यांनी पेन्सिल पाकिटाच्या कडेला समांतर ठेवली. "चार वर्षं झाली तिला जाऊन."

"मी तेव्हा निदान उघडून तरी बघायला हवं होतं, मास्तर."

"हो. बघायला हवं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

मास्तरांनी फोन ओढला आणि नंबर फिरवला. "अगं, मी बोलतोय. कामात आहेस? दोन मिनिटं दे. तुझी आई म्हणायची ना... हो, तेच. माझं चुकलेलं नव्हतं. नाही गं, तब्येत छान आहे, ऐक तर!" आणि त्यांनी लेकीला पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं, दार, यंत्र, नंबर. बाईंना स्वतःला जमलं नव्हतं इतकं ते सोपं झालं. पलीकडून मोठ्यानं विचारलेलं बाईंनाही ऐकू आलं, "पण बाबा, ती लायब्ररी लिहिली कुणी होती?"

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला, वर्ग शांत करावा तसा. "असेल कुणीतरी. फार जुनी गोष्ट आहे ती. तू पुढचं ऐक."

फोनवर काही दिसत नाही हे विसरून ते पाकिटावर नवा चौकोन काढायला लागले होते.