भंडाऱ्याची शपथ

बयाक्कानं पोटच्या पोराला बिरदेवासमोर उभं करायचं ठरवलं, तेव्हा वस्तीतल्या निम्म्या लोकांनी तिला वेड्यात काढलं.

त्यांचा धनगरवाडा राधानगरीच्या जंगलातनं उठून शिरोली एमआयडीसीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत आला, त्याला बारा वर्षं झाली होती. म्हशी गेल्या. पोरं फौंड्रीत लागली आणि दारू घरोघरी शिरली. सुनेच्या, स्नेहलच्या ओठाला टाके पडले, त्या दिवशी बयाक्कानं वाड्यातला जुना रिवाज काढला. बाईवर हात टाकणाऱ्याला ढोलाच्या रिंगणात उभं करायचं. केलेलं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं आणि कपाळाला भंडारा लावून शपथ घ्यायची. शपथ मोडली, तर त्याला कुणी पाणीसुद्धा द्यायचं नाही.

रविवारी सकाळी बिरदेवापुढं सात बाया जमल्या. म्हाताऱ्या ज्ञानूनं ढोल गळ्यात घातला. सम्राट हसतच आला.

"आई, ही काय जत्रा हाय व्हय?"

"हुबा ऱ्हा गप," बयाक्का म्हणाली.

ढोल वाजू लागला. बाया त्याच्याभोवती फिरू लागल्या. हळूहळू सम्राटचं हसू उतरलं. लहानपणी डोंगरात ऐकलेला तो ठेका कुठंतरी आत उरला असावा. तो मटकन खाली बसला आणि हमसून रडला.

"मारलं मी तिला. लाथा घातल्या."

स्नेहलनं पहिल्यांदाच चारचौघांत तोंड उघडलं. "पोटात हुतं तवाबी मारलंय ह्यांनी. ते ऱ्हायलं न्हाय."

बयाक्काला हे माहीत नव्हतं. तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि पुन्हा हात टाकणार नाही, अशी शपथ वदवून घेतली. तरी घरी जाताना तिला वाटलं, देवानं अजून आपल्याला सोडलेलं नाही.

अठरा दिवस सम्राट शुद्धीत घरी आला. एकोणिसाव्या दिवशी त्यानं स्नेहलचा हात मोडला. "बायकांत मला नागवं केलंस," म्हणत तो मारत होता.

चौकीत तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी तो सुटून आला. हाताला प्लास्टर घातलेल्या सुनेला बयाक्कानं स्वतः गगनबावड्याच्या एस्टीत बसवलं, माहेरी धाडलं. मग दारोदार जाऊन सांगितलं, ह्याला आता पाणी द्यायचं न्हाय. बायांनी माना डोलावल्या. पण त्यांचेच नवरे सम्राटच्या मोटरसायकलवर मागं बसून कामाला जात होते. डोंगरात असता तर पाण्याला गेला असता कुठं? इथं फौंड्रीच्या दारात चार हॉटेलं होती. तो तिथं जेवू लागला. बयाक्कानं आठ दिवस त्याच्यासाठी भाकरी थापली नाही. तो तिच्याकडं न बघता आंघोळ करून निघून जाई. त्याचं काहीच अडलं नाही.

नवव्या दिवशी स्नेहलचा फोन आला. माहेरी भावजय घालूनपाडून बोलत होती.

"आत्ती, यू का माघारी? सुधारलं का ते?"

"न्हाय गं बाई. येऊ नगंस."

"मग जाऊ कुठं?"

बयाक्कानं वस्तीतलं एकेक घर मनात फिरून बघितलं. पोरीला 'तिथं जा' म्हणून सांगावं असं एकही घर तिला सापडेना.