कोरा आवाज

कपाटाचं दार आतून ओढून घेऊन दातवाला रजयांमध्ये तोंड खुपसून उभा होता. हातात माइक, कपाळावर घाम. चाळिशी उलटलेला माणूस भर दुपारी कपाटात शिरून बोंबलतो, हे बाहेर फुटलं असतं तर त्याने बनवलेल्या कवळ्या लोकांनी तोंडातून काढून परत आणून दिल्या असत्या. कवळ्या बनवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. ओरडणं हा छंद. छंद म्हणतानाही त्याला लाज वाटायची.

दुसऱ्या शहरातला त्याचा एक मित्र संगणकावर यंत्रांचे ठोके रचायचा. पत्र्यावर घण पडावा तसलं संगीत. त्यावर हा ओरडायचा. परवाच मित्राने फोनवर विचारलं होतं, "काय भन्नाट ओरडतोस रे! पण शब्द काय असतात?"

"असंच काहीबाही. कळतायत कुठे कुणाला?"

कळायचे नाहीतच. कोरा आवाज संगणकावर घेतला की तो आधी फाडायचा, मग खाली ओढायचा, मग त्यावर खरखर चढवायचा. शेवटी माणूस ओरडतोय की गिरणी, तेही सांगता यायचं नाही. त्यामुळे शब्द लिहायच्या फंदात तो पडायचा नाही. तोंडात येईल ते ओरडायचा. आणि गेलं वर्षभर तोंडात एकच यायचं.

आजही तेच आलं. "किती धरू तुला? कंटाळलो मी! सोड मला! जा ना एकदाची!"

पलीकडच्या खोलीत त्याची आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला संडासापर्यंतसुद्धा धरून न्यावं लागायचं. त्यात कानांनी जवळजवळ ठार बहिरी. दुपारी श्रवणयंत्र काढून ती आडवी झाली की उशाशी ढोल बडवला तरी तिला पत्ता नसायचा. म्हणून तर घरात ओरडायची सोय होती.

कपाटातून बाहेर येऊन त्याने हेडफोन चढवला आणि रेकॉर्डिंग लावलं. आवाजच नाही. त्याने आवाज वाढवला, वायर हलवून पाहिली, संगणकाला शिव्या घातल्या, पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. आवाज हेडफोनमध्ये जातच नव्हता. तो आईच्या यंत्रात जात होता. तिला संगणकावरच्या मालिका थेट कानात ऐकू याव्यात म्हणून रविवारी त्यानेच मोठ्या कौतुकाने तशी बिनतारी जोडणी करून दिली होती.

यंत्र काढून झोपली असेल, असं मनाशी म्हणत तो तिच्या दारापर्यंत गेला. आई पलंगावर बसलेली होती. यंत्र कानात होतं.

"काय रे?" तिने विचारलं.

"काही ऐकू आलं का तुला?"

"नाही बाबा. यंत्रात नुसती खरखर होत होती."

खरखर त्याने अजून चढवलीच नव्हती. आवाज कोरा होता, शब्द न् शब्द स्वच्छ. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, ते... गाणं होतं. गाण्यात माणूस काहीही म्हणतो."

"हो का? चाल काही कळली नाही मला."

तिने यंत्र कानातून काढलं, बोटांनी पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "दुपारचं हे तुझ्याकडेच ठेवत जा. तुझं काम झालं की दे."

ती चिडली असती, रडली असती, तर त्याला पाय तरी धरता आले असते. पण ती पलंगाची कड धरून उठली, भिंतीला हात लावला आणि संडासाकडे निघाली. एरवी अशा वेळी ती त्याला हाक मारून हात पुढे करायची.

"आई, थांब. मी येतो."

तिला ऐकू गेलं नाही. ऐकू जायचं तर ओरडावं लागलं असतं. ती भिंत चाचपत एकेक पाऊल टाकत होती. तो मागून चालत राहिला, तिच्या दंडापासून वीतभर लांब हात धरून.