तो मळ नव्हता

मित्रांनो, मी काही फार जुनी मशीन नाही. पण मला दिवाणाखाली, कूलरच्या जुन्या गवताशेजारी ढकलून दिलं, म्हणजे जुनी झालेच म्हणायची. मी दागिने, चष्मे धुणारी अल्ट्रासॉनिक मशीन. माझ्या भांड्यात पाणी घालून बटण दाबलं की कानाला न कळणारी थरथर उठते, बारीक बुडबुडे फुटतात आणि ब्रश पोचत नाही तिथली घाण सुटते. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करते. तरी मला चोर ठरवलं!

दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये मला शिवांजलीनं आणलं. सुभेदार हिंमतराव आणि विजयमालाबाईंची ही मुलगी, दिल्लीतच वाढलेली, गुरुग्रामला नोकरी करणारी. कॅबमध्ये बसून तिनं मला फोनवर निवडलं, आणि डोकं लावून निवडलं हो. नुसत्या घरघरणाऱ्या स्वस्त डब्या बाजूला सारल्या. भांडं स्टीलचं हवं, आत जाळी हवी, वेळ झाली की आपोआप बंद व्हायला हवी. घरी आल्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा माझ्या पाण्यात सोडला. मी त्याला भोकं पाडली तेव्हा कुठे ती म्हणाली, बिल्कुल असली. हिंमतरावांच्या चष्म्याची हिरवी घाण निघाली, तर ते शेजारीपाजारी चष्मा दाखवत फिरले.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं. विजयमालाबाईंनी आपल्या आईचा कोल्हापुरी साज काढला. आईची तेवढीच वस्तू त्यांच्याकडे उरलेली. वर्षातून एकदा, हळदीकुंकवाला गळ्यात पडायची. शिवांजली म्हणाली, दे, चमकवून देते.

तिळाचा पाक ढवळता ढवळता आई म्हणाली, "जपून गं शिवू, लाखेचा आहे तो."

"माहितीये गं, लाखाचा आहे."

ऐकलंत? मात्रेचा काना झाला. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख, असे त्या साजाचे मणी. पोरीला वाटलं, आई किंमत सांगतेय. मला कळलं होतं, पण मला बटण आहे, तोंड नाही. लाख, मोती, चिकटवलेले खडे माझ्यात घालू नका, असं माहितीपत्रकात छापलेलं. ते खोक्याबरोबर कचऱ्यात गेलं. त्यात जानेवारीतलं नळाचं पाणी म्हणजे बर्फ. तिनं किटलीतलं उकळतंच ओतलं. अगं, मला कोमट पुरतं! पण बटण दाबलं, मी थरथरले. मण्यांच्या भोकांतून तांबडं-काळं काहीतरी ओघळलं.

"आई, बघ किती मळ निघाला," असं म्हणत शिवूनं ते खुशीत मोरीत ओतलं.

तो मळ नव्हता, मित्रांनो.

विजयमालाबाईंनी साज हातात घेतला. हलका लागला. एक मणी चिमटीत धरला, तो कागदासारखा चेपला. "आतली लाख गेली गं," एवढं म्हणून त्यांनी साज डब्यात ठेवला, तेच शिवूला लागलं. हिंमतरावांनी मात्र मला उचललं आणि दिवाणाखाली सारलं.

हळदीकुंकवाच्या बायका त्याच दिवाणावर, म्हणजे माझ्या डोक्यावर बसल्या. शेजारच्या कुमुदिनीकाकूंनी विचारलं, यंदा साज नाही घातला? मशीननं खाल्ला, असं कुणीतरी सांगितलं. "मेली, स्वस्तातली असणार," काकू म्हणाल्या. माझा तिळपापड झाला. मी खाल्ला?

तेवढ्यात तिळगुळाचं ताट घेऊन उभी असलेली शिवू म्हणाली, "मशीननं नाही, काकू. मला लाख म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मला वाटलं, एक लाख."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मी तरी कधी दाखवली तुला?" विजयमालाबाई म्हणाल्या. "तुझ्याशी बोलताना अर्धं हिंदीच बोलते मी."

बायका गेल्यावर मायलेकी दागिन्यांचा डबा घेऊन बसल्या. नथ मोत्यांची, ती नाही. बोरमाळेतही लाख, ती नाही. साज सुट्टीत गावी नेऊन पुन्हा भरून आणायचं ठरलं. चेपलेला मणी सरळ करून घेऊ, असं शिवू म्हणाली. आई म्हणाली, "तो तसाच राहू दे. उद्या तुला पोरगी झाली की तिला हा शब्द शिकवायला होईल."

मित्रांनो, मला मखरात बसवा असं मी म्हणत नाही. फक्त, वस्तू माझ्यात टाकण्याआधी ती कशाची, ते घरातल्या माणसाला विचारा, आणि सांगतील ते नीट ऐका. न ऐकता बटण दाबायचं आणि मग चोर मला म्हणायचं, हे मी खपवून घेणार नाही.

मला बाहेर काढलं ते विजयमालाबाईंनीच. हातात पायातले पैंजण होते. "नुसती चांदी आहे," असं शिवूला बजावून त्यांनी कोमट पाणी घातलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब सोडला आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. पाणी काळं झालं.

तो मात्र मळच होता.