माझ्या पत्त्यावर दुसराच

मी दोन नंबरच्या टाकीचा निरोप्या बोलतोय. हसू नका, दोन नंबरचा म्हणजे तसला नव्हे! आमच्या कागद कारखान्यात रद्दी पाण्यात घुसळून लगदा करणाऱ्या दोन मोठ्या टाक्या आहेत, त्यातल्या दुसरीचा मी. कागदोपत्री मला कम्युनिकेशन मॉड्यूल म्हणतात. तळहाताएवढा राखाडी डबा, खाली केबल खुपसायला दोन पोर्ट. एका पोर्टातून मोटारीचं ऐकायचं, दुसऱ्यातून ते कंट्रोल रूमच्या पडद्यावर पोचवायचं, आणि पडद्यावरून आलेला हुकूम मोटारीला सांगायचा. कौतुक कुणी करत नाही. बिघडलो की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते.

जिथे जन्मलो तिथे आम्ही ढिगानं तयार व्हायचो, सगळे एका साच्यातले, नाव ना गाव. इथे आल्यावर एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं मला पत्ता दिला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, बावीस. माझ्या शेजारी एक नंबरच्या टाकीचा निरोप्या बसवलेला, त्याचा शेवटचा आकडा एकवीस. बाकी आम्हा दोघांत काडीचा फरक नाही. म्हातारा पत्ता टाकून झाला की आकडे मोठ्यानं वाचायचा, मग एकेक टाकी चालू करायला लावून खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा. फार किरकिऱ्या वाटायचा मला तो. आता वाटतं, असता तर बरं झालं असतं.

आमचं कपाट ऑपरेटरच्या खुर्चीमागेच आहे. आत फार गरम होतं म्हणून त्याचं दार सताड उघडं टाकून समोर टेबलफॅन लावलेला असतो. सगळ्या कारखान्याची धूळ माझ्या नाकात जाते, पण त्यामुळे खोलीतलं सगळं ऐकू येतं.

खुर्चीवर बसायचा तो धाकटा, आणि खाली टाक्यांवर फिटर होता त्याचा सख्खा मोठा भाऊ. टाकीच्या पात्यांना रद्दीतल्या तारा, सुतळ्या, प्लॅस्टिक गुंडाळलं की मोठा आत उतरून ते कापून काढायचा. नियम असा, की उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि त्याला आपलं कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची. पण स्विचची खोली पार दुसऱ्या टोकाला. हे दोघे भाऊ फोनवरच भागवायचे.

"मी एकात उतरतोय रे. हात लावू नकोस."

"नाही लावत, दादा. तू सावकाश कर."

भावाच्या शब्दापुढे कुलूप ते काय, असं त्यांना वाटायचं. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं.

मग एके दिवशी वरच्या पाइपातून पाणी ठिबकलं आणि शेजारचा एकवीस जळाला. त्याच्या जागी नवा कोरा निरोप्या आला, आणि त्याच्याबरोबर लॅपटॉपवाले साहेब. म्हातारा केव्हाच निवृत्त झाला होता. साहेब हुशार, पण कायम घाईत. नव्याला पहिल्यापासून शिकवत बसण्यापेक्षा त्यांनी माझ्यातलं सगळं उचलून त्याच्यात जसंच्या तसं ओतलं. सगळेच असं करतात, त्यात वावगं काही नाही. शेवटचा आकडा तेवढा बदलायचा असतो. नेमका तेव्हाच मॅनेजरचा फोन आला, "अहो, कधी चालू होणार?" आणि आकडा राहून गेला.

झालं! एका पत्त्यावर आम्ही दोघे. पडद्यानं बावीसला हाक मारली की मीही ओ देतोय आणि तोही. पडदा लुकलुकायला लागला. साहेबांनी डोकं खाजवलं आणि बघू तरी म्हणून माझी पडद्याकडची केबल उपसली. पडदा शांत झाला.

"बघ, दोन आली की नाही लायनीवर!" साहेब म्हणाले.

"साहेब, एक अजून काळीच दिसतेय," धाकटा म्हणाला.

"तिचं जेवून आल्यावर बघतो. तोवर दोन वापर."

अहो, ती दोन नव्हतीच! माझ्या नावानं बोलत होता तो एकचा निरोप्या. माझी जीभ तर साहेबांनी उपसून बाहेर लोंबकळत ठेवली होती. मी आतल्या आत नुसता तडफडत होतो.

एक नंबर तशीही बंदच आहे, तर तेवढ्यात साफ करून घेऊ, असं मोठ्या भावानं ठरवलं. फोन आला. "मी एकात आहे रे."

"बरं दादा. मी दोन सुरू करतोय."

"कर की. मला काय त्याचं!"

धाकट्यानं दोनचं बटण दाबलं. मी शपथेवर सांगतो, दोनचंच दाबलं. हुकूम बावीसच्या पत्त्यावर आला, नव्या निरोप्यानं तो इमानदारीत घेतला आणि आपल्या मोटारीला सांगितला. खालून जी किंकाळी आली ती मला अजून ऐकू येते. धाकट्यानं लाल बटणावर मूठ आपटली आणि तो जिन्यावरून धडपडत खाली धावला. मोठा वाचला, पण उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

सगळे खाली असताना साहेब धापा टाकत आले. पडदा बघितला, नव्याचा पत्ता बघितला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काम मात्र चोख केलं. नव्याला एकवीस दिला, माझी केबल पुन्हा खुपसली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी चौकशीवाले आले. एक दाबलं की एक चालू होई, दोन दाबलं की दोन. साहेबांनी मान खाली घालून सांगितलं, सिस्टिममध्ये दोष नाही, जेवायला जाण्याआधीच मी एकसुद्धा लायनीवर आणली होती. सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोराचं बोट चुकलं. पुढे साहेब दुसरीकडे नोकरीला लागले.

मोठ्याचं म्हणणं एकच. "चूक माणसाकडून होते. चुकलो म्हण, विषय संपला. पण माझ्या तोंडावर खोटं बोलू नकोस."

आणि धाकट्याचंही एकच. "दादा, देवाशप्पथ, मी दोनच दाबलं."

त्यावरून बोलणं तुटलं. धाकटा सुट्टीच्या दिवशीही कंट्रोल रूममध्येच येऊन बसायचा, कारण घरी गेलं की भावाच्या बंद दारावरून जावं लागायचं.

परवा मोठा कुबड्यांवर खटखट करत वर आला. लॉकरमधली हत्यारं न्यायला आला होता. धाकट्यानं उठून खुर्ची पुढे केली. मोठा बसला, कुबड्या टेबलाला टेकवून ठेवल्या.

"तुझी वहिनी रोज ताट वाढून ठेवते तुझं," तो म्हणाला. "पोरं विचारतात, काका का येत नाही. मी काय सांगू त्यांना? एकदा खरं बोल आणि चल घरी."

धाकटा माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मी माझ्या परीनं ओरडत होतो, अरे, ठाम राहा, तू खरा आहेस! पण माझं ओरडणं म्हणजे लुकलुकणारा एक हिरवा दिवा, आणि तो तर कायमच लुकलुकतो.

"एकच दाबलं, दादा," धाकटा म्हणाला. "माझं चुकलं."

मोठ्यानं त्याला जवळ ओढलं, त्याचं डोकं छातीशी धरलं आणि स्वतःच हमसून हमसून रडायला लागला. "आत्ता कसं खरं बोललास," तो म्हणाला. दोघे हळूहळू जिना उतरून घरी गेले.

आता आमचं हे कपाटच काढून नवीन यंत्रणा बसवणार आहेत. मी भंगारात जाईन, त्याचं मला फारसं दुःख नाही. एक काम मात्र करा. तो धाकटा कधी भेटला तर त्याला बाजूला घेऊन सांगा, "बाबा रे, तू दोनच दाबलं होतंस." त्याच्या दादाला नका सांगू, आता कुठे पोरगा घरी जेवायला लागलाय. पण त्याला नक्की सांगा. हल्ली तो कुठलंही बटण दाबण्याआधी थांबतो आणि आपल्याच बोटाकडे बघत बसतो.